अर्जदार दुरून आला आहे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या बार्शीटाकळीच्या शाळेतल्या बडे बाबूंचे आहेत. आमच्याकडे ऑफिसातल्या मुख्य कारकुनाला बडे बाबू म्हणतात. शाळेत कारकून एकच होता, तरी आम्ही त्यांना बडे बाबूच म्हणायचो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण परवानगीशिवाय कोणाचं नाव कागदावर आणू नये, हेही त्यांनीच शिकवलं.

माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. अभ्यास मी वस्तीतल्या विहारात केला. तिथला दिवा चांगला होता. पण नुसत्या अभ्यासावर कोणी कॉलेजात पोचत नाही. जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, आणि अर्ज हरवल्याबद्दलचा अर्ज लागतो. हे सगळं बडे बाबूंनी मला त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसवून शिकवलं. डावीकडे चार बोटं समास. मग प्रति, विषय, संदर्भ.

"पयल्या वाक्यात आपन कोन ते सांगाचं," ते म्हणायचे. "दुसऱ्यात काय पाह्यजे ते. तिसऱ्यात रडाचं नाई. सायबाले रडनं वाचाले वेळ नसते."

आणि शेवटी, सहीच्या वर, त्यांची स्वतःची एक ओळ असायची. ती कोणत्याच नियमपुस्तकात नाही. मी नंतर शोधून पाहिली. 'अर्जदारास निराश करू नये, तो दुरून आला आहे.'

मी एकदा विचारलं, "बडे बाबू, तहसील त आपल्या शाळेच्या मांगच हाय. मी दुरून कुठी आलो?"

"तुह्या घरातून त्या खिडकीपावतर आजवर कोनी गेलं व्हतं काय?"

"नाई."

"मंग दुरूनच आला न तू. लिव."

बारावीनंतर अकोल्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, त्या दिवशी त्यांनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला. मला हमीपत्र लिहून द्यायचं होतं. मजकूर त्यांनी सांगितला: मी कोणत्याही बारमध्ये पाऊल ठेवणार नाही, कोणी आग्रह केला तरी नाही, कोणी पास झालं तरी नाही. "अकोल्याले गेलेल्या आपल्या दोन पोरायनं कॉलेजच्या आंधी बार पाह्यला," ते म्हणाले, "मंग कॉलेज पाह्याचं राहूनच गेलं." मूळ प्रत त्यांच्या कपाटात गेली आणि झेरॉक्स माझ्या फायलीत. पुढे पदवी झाली, परीक्षा झाल्या, अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक झालो, आणि त्या सगळ्या काळात मी हमीपत्राला बट्टा लागू दिला नाही. मित्र बारमध्ये बसले की मी बाहेर त्यांच्या गाड्या सांभाळायचो.

मग आमच्या ऑफिसातल्या एका सीनिअर बाबूंची मोर्शीला बदली झाली आणि त्यांचा निरोप समारंभ एका 'बार अँड फॅमिली रेस्टॉरंट'मध्ये ठरला. मी नाही म्हणालो. सीनिअर बाबू म्हणाले, "मी काय पुन्हा पुन्हा बदलून जाईन काय? तू फॅमिली सेक्शनमधी बस. थे काई बार नोय." मी फाटकावरची पाटी दोनदा वाचली. हमीपत्रात फक्त बारचा उल्लेख होता. मी फॅमिली सेक्शनमध्ये बसलो.

ते एक मोठं अंगण होतं, मधोमध बांबूचा तट्ट्या लावून दोन भाग केलेले. एका बाजूला फॅमिली, दुसऱ्या बाजूला पिणारे. तट्ट्याच्या बरोबर मध्ये एक लाकडी चौथरा होता आणि त्यावर चार माणसं वाद्यं जुळवत होती. मागे फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'आज लाइव्ह बँड'. शेजारी ट्रंकेएवढा कूलर सुरू होता. उन्हाळा होता, त्यामुळे पहिल्या गाण्यालाच प्रेक्षकांत दोन पक्ष पडले. एक पक्ष ओरडायचा, "कूलर बंद करा, गिटार आयकू येत नाई." दुसरा म्हणायचा, "गिटार बंद करा, हवा येत नाई." गायक दोन्ही बाजूंना हात जोडून कूलरच्या वरच्या पट्टीत गात राहिला.

मी तोवर जिवंत बँड म्हणजे फक्त वरातीतला पाहिला होता, ज्यात गाणं ऐकायचं नसतं, पुढे सरकायचं असतं. इथे माणसं बसून ऐकत होती. गायक सकाळी शाळेची व्हॅन चालवायचा, गिटारवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, ड्रमवाला सीझनमध्ये वरातीत ताशा वाजवायचा. हे सगळं मला वेटरनं सांगितलं. तो साठीचा माणूस होता आणि बँडबद्दल असा बोलायचा, जसं कोणी आपल्या भाचरांबद्दल बोलतं. किबोर्डवाल्याबद्दल मात्र त्याला माहीत नव्हतं. "तो बोलत नाई," वेटर म्हणाला. "पन सारे गाने तोच बसवते."

मग वेटरनं टेबलांवर छोट्या चिठ्ठ्या वाटल्या. फर्माईश लिहायची असते, असं कळलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं लिहिलं, 'तेच कालचं'. दुसऱ्यानं लिहिलं, 'काहीही पण जोरात'. मला चिठ्ठीवर समास सोडायला जागा पुरेना. माझ्या बॅगेत ऑफिसचे फूलस्केप कागद होते. मी एक काढला, चार बोटं समास सोडला आणि लिहायला घेतलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काही मागायचं असेल तर अर्ज करतात, एवढंच मला माहीत होतं.

गायकानं माझा कागद उघडला, वर-खाली पाहिला आणि माइकजवळ नेला.

"आयका बाप्पा," तो म्हणाला. "आज आपल्या इथं सरकारी कागद आला."

आणि त्यानं तो वाचला.

"प्रति, माननीय गायक महोदय, लाइव्ह बँड, कूलरजवळ. विषय, एक जुने मराठी गाणे म्हणणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार आज प्रथमच आपल्या कार्यक्रमास उपस्थित आहे. अर्जदाराची आई निंदण करताना जे गाणे म्हणत असे, ते आपण म्हणावे. अर्जदारास पूर्ण शब्द आठवत नसल्याने पहिली ओळ सोबत जोडली आहे."

तट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी हशा उठला. "आवक नंबर टाका," कोणीतरी म्हणालं. "बुधवारी या, साहेब मीटिंगमधी हायेत," दुसरा म्हणाला. सीनिअर बाबूंनी मान खाली घालून पापड मोडला. वाचनाच्या मागे किबोर्डवाला आपला हळू सूर धरून होता, मयतीच्या बातमीमागे धरतात तसा. गायकानं शेवटची ओळ वाचली.

"अर्जदारास निराश करू नये, तो दुरून आला आहे."

किबोर्ड थांबला. मध्येच, बोटं हवेत. गायकानं वळून पाहिलं. मग गायकानं जोडलेली ओळ त्याला वाचून दाखवली, किबोर्डवाल्यानं लगेच माझ्या आईच्या गाण्याचे सूर सुरू केले, आणि ते गाणं त्यांनी असं म्हटलं की कूलरवाल्या पक्षानं आपणहून कूलर बंद केला.

मध्यंतरात किबोर्डवाला आमच्या टेबलाशी आला. पस्तिशीच्या आतला, दाढीवाला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"हा कागद कोनी लिवला?"

मी उभा राहिलो. ऑफिसात साहेबानं विचारलं की उभं राहायची सवय असते. "मी."

"शेवटची ओळ कुठून आनली?"

"आमच्या शाळेच्या बडे बाबूंनी शिकवली. बार्शीटाकळीच्या."

"थे माहे बाबा हायेत," तो म्हणाला.

मग मला तो चष्मा दिसला, म्हणजे चष्म्याखालचं बडे बाबूंचं नाक दिसलं. मी शाळेत असताना तो अमरावतीला शिकायला गेलेला होता, त्यामुळे मी त्याला दोन-तीनदाच पाहिलेलं. बडे बाबू मात्र त्याच्याबद्दल नेहमी सांगायचे. मोठी कंपनी, शिफ्ट इन्चार्ज.

"पन दादा, तुमी त शिफ्टवर असता न?"

"हेच माही शिफ्ट. साडेसात ते साडेनऊ." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "अन् तू? तुहं त हमीपत्र हाय न बाबाजवळ. कपाटात पाह्यलं म्या. माहं बी हाय, त्याच फायलीत."

"मी फॅमिली सेक्शनमधी बसलो हाय."

"तुही फॅमिली कुठी हाय?"

मी टेबलाकडे पाहिलं. तीन कारकून बसले होते आणि त्यातला एक हाडूक चोखत होता.

"पाह्य," दादा म्हणाला, "तू मले पाह्यलं नाई, म्या तुले पाह्यलं नाई."

आम्ही हात मिळवले. दोघांचेही हात घामेजले होते, आणि ते कूलर बंद असल्यामुळे नव्हतं.

त्यानंतर मी जायला लागलो. आधी दर शनिवारी, मग गुरुवारीही, कारण गुरुवारी गर्दी कमी असते आणि बँड स्वतःच्या आवडीची गाणी वाजवतो. मी लिंबू-सोडा घ्यायचो. दादा तोही घ्यायचा नाही; त्याच्याकडे घरून आणलेला ताकाचा थर्मास असायचा. लोक मला 'अर्जदार' म्हणू लागले. काही जण आपली फर्माईश माझ्याकडून लिहून घ्यायचे. एका गृहस्थांनी बायकोच्या माहेरी पाठवायला माफीचा अर्ज लिहून घेतला. मी सवयीनं शेवटची ओळ टाकली, आणि बायको परत आली. तेव्हापासून ते गृहस्थ तट्ट्याच्या अलीकडे बसतात.

दादाच मला दुसरे बँड ऐकायला घेऊन गेला. अमरावतीत एवढे बँड आहेत हे मला माहीत नव्हतं. मी त्याच रस्त्यांवरून रोज ऑफिसला जात होतो. बडनेरा रोडवरच्या एका बारमधला गायक प्रत्येक गाण्याआधी माफी मागायचा आणि मग फार सुंदर गायचा. राहाटगावकडे एक कव्वाली पार्टी होती, तिच्यातले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसत, फक्त कव्वालीतून उत्तरं देत. चिखलदऱ्याला हॉटेलांत वाजवणारे तिघे पर्यटक कमी झाले की खाली उतरायचे आणि आमच्या उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसायचे, कारण बँडचा ड्रेस तोच होता. मी सगळ्यांकडे अर्ज केले. एकही नामंजूर झाला नाही. असं माझ्या आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही खात्यात झालेलं नाही.

दादाला मी एकदा विचारलं, की घरी सांगत का नाही.

"काय सांगू? बाबाले बार म्हटलं का पुढचं आयकू येत नाई." त्यानं थर्मासचं झाकण फिरवलं. "तुले माहीत हाय, मी हे कुठी शिकलो? शाळेची पेटी. हार्मोनियम. थिच्या कपाटाची चाबी बाबाजवळ राहे. रयवारी बाबा ऑफिस उघडून रजिस्टर लिवत, अन् मले पेटी काढून देत. मी गप राहावं म्हनून. आता हे त्यायले सांगू काय, का तुमी चाबी देल्ली म्हनून मी इथं हाय?"

अशी सहा महिने आमची गुपितं एकमेकांच्या आधारानं उभी होती. मग मला बडे बाबूंचं पत्र आलं.

बडे बाबूंकडे मोबाइल आहे, पण फोनवर बोललेलं रेकॉर्डवर राहत नाही म्हणून महत्त्वाचं काही असलं की ते पोस्टानं लिहितात. निवृत्तीनंतरही घरी आवक-जावक रजिस्टर ठेवलं आहे. पत्रावर जावक क्रमांक होता आणि त्याखाली 'गुप्त'.

'विषय : माझ्या मुलाच्या वर्तणुकीबाबत चौकशी करून अहवाल सादर करणेबाबत. संदर्भ : (१) माझ्या साडूंनी दिलेली तोंडी माहिती. (२) तुझे हमीपत्र. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, साडूंनी सदर इसमास अमरावतीतील एका बारच्या फाटकातून सायंकाळी आत जाताना दोन वेळा पाहिले आहे. (साडू तेथे काय करीत होते, याची चौकशी स्वतंत्रपणे करण्यात येईल.) तरी सदर इसम मद्यपान करतो किंवा कसे, कोणाच्या संगतीत बसतो, व कंपनीतील शिफ्टचे काय झाले, याबाबत तू समक्ष पाहणी करून आठ दिवसांत लेखी अहवाल द्यावा. त्यासाठी संदर्भ क्र. २ मधील अटीतून तुला एक दिवसापुरती सूट देण्यात येत आहे. सदर सूट वाढवून मिळणार नाही. अहवाल प्रतिकूल आल्यास मी स्वतः येऊन त्यास घरी आणीन. शाळेसमोर झेरॉक्सच्या दुकानाकरिता जागा पाहून ठेवली आहे.'

बारचं नाव आणि पत्ता साडूंनी अगदी बरोबर सांगितला होता.

सहीच्या खाली, समासात, वाकड्या अक्षरांत एक ओळ होती. 'फोनवर विचारलं असतं, पण तो फोनवर नेहमी चांगलाच असतो.'

गुरुवारी मी ते पत्र दादाच्या हातात दिलं. त्यानं किबोर्डवर ठेवून वाचलं. कोणता तरी सूर दाबला गेला आणि वाचून होईपर्यंत वाजत राहिला.

"तू लिहून टाक," तो म्हणाला. "सदर इसम आढळून आला नाई."

"बडे बाबूंना खोटा अहवाल कसा देऊ, दादा?"

"मंग खरा दे. अन् तुह्या सहा महिन्यायचं काय लिवशील? एक दिवसाची सूट हाय तुले."

ते खरं होतं. मी विषय बदलला. "समजा ते आले घ्याले. जासान तुमी?"

"बाबा दारात उभे राह्यले त जाईन." तो हे अगदी साधेपणानं म्हणाला. "मले त्यायले नाई म्हनता येत नाई. लहानपनापासून सवयच नाई. जाईन, अन् झेरॉक्स काढीन. पाठपोट."

गिटारवाला आणि ड्रमवाला एकमेकांकडे पाहायला लागले. दादा गेला तर गाणी त्यांनाच बसवावी लागणार होती. अकोल्याच्या एका बारनं त्यांना पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच बोलावलं होतं, अमरावतीबाहेरचा त्यांचा तो पहिला कार्यक्रम. दादा म्हणाला, "थेही नाई म्हनाव लागीन. अकोला म्हंजे बाबाच्या अंगनात."

मी दोन रात्री तीन कच्चे मसुदे लिहिले. पहिल्यात दादा सापडत नव्हता, दुसऱ्यात बार सापडत नव्हता, तिसऱ्यात मी सापडत नव्हतो. शेवटी ठरवलं, की चौकशी सांगितली आहे तर चौकशीच करावी. शनिवारी मी वही घेऊन, ऑफिसचा शर्ट खोचून, त्याच बारमध्ये एक दिवसाची सूट घेऊन अधिकृतपणे दाखल झालो. वेटरनं विचारलं, "आज काहून असे उभे हा? बसा न." मी म्हणालो, आज पाहणी आहे. बसता येत नाही.

पहिली साक्ष मालकाची.

"पेत नाई हा मानूस," मालक म्हणाला. "लिहून घ्या. अन् हेबी लिवा का हे माह्या धंद्याले बरं नोय. लोकं त्याच्याकडे पाहून ताक मांगते. आता मले ताक ठेवा लागून राह्यलं."

दुसरी गायकाची. "माह्या व्हॅनमधी सकाळी शाळेचे पोरं असते. मी बी पेत नाई."

"चौकशी तुमची नाही," मी म्हणालो.

"तरी लिवा न. मले कोनी विचारतच नाई."

मी लिहिलं.

तिसरी साक्ष ड्रमवाल्याची. तो काठ्या पुसत होता. म्हणाला, मले बोलता येत नाही, मी वाजवून सांगतो. आणि त्यानं एक ठेका वाजवला. हलका एक, मग जोराचा एक. टप, ठाप्प. टप, ठाप्प. मध्येच एक छोटा विराम, मग पुन्हा. "हे आमचं सुरुवातीचं गानं याच ठेक्यावर हाय," तो म्हणाला. "किबोर्डवाल्यानं शिकवला. तो म्हनते, हा बाबाच्या शिक्क्याचा ठेका. पॅडवर टप, कागदावर ठाप्प. मधात थांबते तवा बाबा कागद पलटवून राह्यले असते."

मी वही बंद केली. तो ठेका मला पाठ होता. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज, तीन प्रतींत, त्याच ठेक्यावर गेला होता. स्टुलावर बसून मी तो ऐकला होता, आणि सहा महिने दर शनिवारी ऐकूनही मला ओळखू आला नव्हता.

"काय लिवशील?" दादानं चौथऱ्यावरून विचारलं.

"जे पाह्यलं ते."

"मंग माहं झेरॉक्स पक्कं."

"अकोल्याले नाई म्हनू नका," मी म्हणालो. "अहवालाले उत्तर येईपावतर त नकाच."

घरी येऊन मी एका बैठकीत लिहिलं. स्थळप्रत माझ्याकडे आहे. मूळ प्रत बडे बाबूंनी नंतर मला काढून दाखवली, घडी केलेली, कोपऱ्यावर पाण्याच्या थेंबांचे डाग पडलेली. अकोल्यातल्या त्या बारमध्येही कूलर पहिल्या टेबलाच्या, म्हणजे त्यांच्या, अगदी जवळ होता.

प्रति,
मा. बडे बाबू,
बार्शीटाकळी.

विषय : आपल्या मुलाच्या वर्तणुकीचा अहवाल सादर करणेबाबत.
संदर्भ : आपले गुप्त पत्र.

महोदय,

आपल्या आदेशानुसार मी सदर बारमध्ये समक्ष जाऊन पाहणी केली. मुद्देनिहाय अहवाल पुढीलप्रमाणे.

सदर इसम मद्यपान करतो किंवा कसे : करीत नाही. ताक पितो. ताक घरून आणतो. याबाबत बारमालकाची तक्रार आहे.

कोणाच्या संगतीत बसतो : शाळेच्या व्हॅनचा चालक, मोबाइल दुरुस्त करणारा व ताशावाला. पैकी चालकाने आपणही पीत नसल्याचे नोंदविण्याची विनंती केली आहे, ती नोंदविली.

कंपनीतील शिफ्टचे काय झाले : कंपनी नाही, बडे बाबू. कधी होती, नंतर राहिली नाही. तो तिथे वाजवतो. साडेसात ते साडेनऊ. सगळी गाणी तोच बसवतो. तो वाजवतो तेव्हा भर उन्हाळ्यात माणसं स्वतः उठून कूलर बंद करतात. याहून मोठा पुरावा आपल्याकडे उन्हाळ्यात मिळत नाही.

त्याला आपण घरी आणू शकता. तो येईल. आपल्याला नाही म्हणायला तो शिकलेला नाही, हे त्यानं मला सांगितलं. म्हणून आणण्यापूर्वी एकदा ऐकावं, असं चौकशी अधिकाऱ्याचं मत आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांचा कार्यक्रम अकोल्यात आहे. बार्शीटाकळीहून बस आहे आणि परतीची बस कार्यक्रमानंतर मिळते, मी चौकशी केली आहे. पहिलं टेबल आपल्यासाठी राखलं आहे. ते फॅमिली सेक्शनमध्ये आहे. चहा समोरच्या टपरीवरून येईल. त्यांचं पहिलं गाणं ज्या ठेक्यावर आहे, तो आपल्या ओळखीचा आहे. मी जास्त लिहीत नाही. आपण ओळखाल. मला सहा महिने लागले.

सहा महिने म्हणजे काय, ते आता लिहावं लागेल. आपण मला एक दिवसाची सूट दिलीत. मी त्याआधी सहा महिने दर शनिवारी आणि बहुतेक गुरुवारी तिथे जात होतो. प्यालो नाही. पण पिणाऱ्यांच्या ताटलीतले शेंगदाणे खाल्ले आहेत. हमीपत्र मोडलं. कारण विचाराल तर गाणी फार चांगली होती, एवढंच सांगता येतं. तिसऱ्या वाक्यात रडू नये असं आपण शिकवलं आहे. आपण जी शिक्षा द्याल ती मान्य. झेरॉक्सच्या दुकानाची जागा रिकामी राहत असेल, तर रविवारी मी बसेन.

पेटीच्या कपाटाची चावी आपण रविवारी त्याला द्यायचात, हे मला परवा कळलं. आपण मला अर्ज लिहायला शिकवलंत म्हणून मी इथवर आलो. त्याला अर्ज लिहिता येत नाही. आपण रजिस्टर लिहीत होता तेव्हा तो पलीकडे पेटीवर बसला होता. म्हणून शेवटची ओळ त्याच्या वतीनं मी लिहितो.

अर्जदारास निराश करू नये, तो दुरून आला आहे.

आपला आज्ञाधारक,
(सही)
आपला विद्यार्थी

सोबत : (१) माझ्या हमीपत्राची झेरॉक्स प्रत, रद्द करण्यासाठी किंवा कायम ठेवण्यासाठी, आपल्या मर्जीनुसार. (२) फर्माईशीची चिठ्ठी, एक, कोरी.